ओकांचं गायरान

बाबांच्या नावाने ओकचं रोप लावायचं टेकडीवरचं रान राखणाऱ्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा मला वाटलं, आई येणार नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "जाऊ की. झाडाने आपलं काय घोडं मारलंय?" मग मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही मायलेकी एर्लांगेनहून बसने निघालो. बाबांना जाऊन तेव्हा एक हिवाळाच झाला होता.

बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर पायवाट. अर्ध्या वाटेवर आधी कापलेल्या पाइनच्या डिंकाचा वास येतो, मग कुजलेल्या ओल्या पानांचा, आणि फाटकापाशी पोचलं की शेणाचा. आई माझ्यापुढे चालत होती. साठी उलटली तरी चढावर तिला धाप लागत नाही. फाटकाची कडी काढताना तिने एक खोल श्वास घेतला आणि मी एकदम चौथीत जाऊन पडले.

दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. बाबा एक्स-रेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. कऱ्हाडचा हुशार मुलगा, पुण्यात नाव काढलेला, आणि इथे जर्मनीत कँटीनमध्ये ट्रे घेऊन कुठे बसावं या विवंचनेत उभा. घरी येऊन सांगायचे, "आज मीटिंगमध्ये बोललो." म्हणजे बाकीच्या दिवशी बोलले नव्हते. एका सहकाऱ्याने त्यांना सहज म्हटलं, शनिवारी आम्ही टेकडीवर ओकचं रान साफ करतो, ये हवं तर. ते 'हवं तर' बाबांनी असं झेललं, की पुढच्या शनिवारी आम्ही तिघंही रबरी बूट घालून फाटकाशी हजर.

ते रान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते रान वाटलंच नाही. टेकडीभर म्हातारे ओक लांब लांब उभे, एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. फांद्या आडव्या पसरलेल्या, बुंध्यात ढोल्या, आणि मध्ये सगळं गवत. फ्राऊ हॉयर या कामाच्या प्रमुख. जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, उंच, हाडकुळ्या, खिशात कायम छोटी करवत. त्यांनी आम्हांला सांगितलं, याला हूटांगर म्हणतात. पूर्वी अख्ख्या गावाची गुरं इथे ओकांखाली चरायची. मग गावाने गुरं पाळणं सोडलं, आणि चरायला कुणी नाही म्हटल्यावर पाइन, बीच, काटेरी झुडपं आत घुसली. आता हे परत मोकळं करायचं. बाबांनी मान डोलावत भाषांतर केलं. आई म्हणाली, "एवढं काय समजवायचंय त्यात? गायरान आहे हे." आणि हसली. जर्मनीत आल्यापासून तिला एखादी गोष्ट न सांगता कळण्याची ती पहिली वेळ असावी.

निसर्ग राखायचा म्हणजे झाडांना पाणी घालायचं, असं मला शाळेत शिकवलं होतं. इथे मारायला शिकवलं. ओक अंधाराने मरतो, फ्राऊ हॉयर म्हणायच्या. त्याच्या खालून उगवलेलं पोर त्याच्या डोक्यावर जातं आणि त्याचा उजेड खातं. म्हणून पोर मारायचं. त्या एखाद्या सरळसोट बीचपाशी थांबायच्या, त्याच्या गुळगुळीत सालीवर हात फिरवायच्या, "श्योन, किती सुंदर आहे," असं मनापासून म्हणायच्या आणि त्यावर नारिंगी फुली मारून पुढे जायच्या. झाडं तोडायचं काम फक्त हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात पाखरांची घरटी. पाखरांच्या बाबतीत त्या फार हळव्या होत्या.

आम्हां पोरांकडे बीचची रोपं उपटायचं काम. दोन बोटांत धरायचं, किंचित वळवायचं आणि मुळासकट ओढायचं. मुळाला थंड मातीचा वास यायचा. मी त्यात पटाईत झाले. फार आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू?

पण सगळ्यात वाईट मरण थरथऱ्या पॉप्लरचं. त्याला सरळ कापलं तर तो मुळांतून शेकडो फुटवे काढतो आणि सूड उगवतो. म्हणून त्याची साल सोलायची. कमरेएवढ्या उंचीवर बुंध्याभोवती वीतभर रुंद पट्टा, पण पुरा नाही. सालीची एक चिंचोळी चिरी शिल्लक ठेवायची. झाड त्या चिरीवर वर्षभर जगतं. पानं येतात, सळसळतात, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. पुढच्या हिवाळ्यात येऊन ती चिरी काढायची. मग ते उभ्या उभ्या वाळतं आणि फुटवे काढायचं त्याच्या अंगात त्राण उरत नाही. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कोयता खाली ठेवला. पॉप्लरची पानं पिंपळासारखी हलतात. "पिंपळ कुणी सोलतं का?" ती बाबांना म्हणाली. "त्यांना सांगा, मी हे करणार नाही." बाबांनी फ्राऊ हॉयरना सांगितलं, की माझ्या बायकोची पाठ दुखते.

घराची जीभ बाबांकडे होती. आई जे म्हणायची ते बाबांना सोयीचं होऊन पलीकडे जायचं, आणि पलीकडचं तसंच अलीकडे यायचं. मला शाळेमुळे जर्मन येऊ लागलं होतं. हा व्यवहार मी दोन्ही बाजूंनी ऐकायचे आणि मोठ्यांचं असंच असतं असं समजायचे.

दुपारी झाडोऱ्याचा मोठा जाळ करायचे. ओल्या पाइनचा धूर डोळ्यांत जायचा, हात शेकायला मात्र मजा यायची. कुणी सूप आणायचं, कुणी सॉसेज. बाबा सॉसेज खायचे. कशाचं ते विचारायचे नाहीत. आम्ही घरी मटण-मासे खाणारेच, पण गाईचं नाही. आईने विचारलं की म्हणायचे, "कोंबडीचं आहे गं." फ्राऊ हॉयरनी एकदा विचारलं, तुमच्याकडे चालतं ना हे? बाबा म्हणाले, "आम्ही मॉडर्न आहोत. माझी बायकोसुद्धा सगळं खाते." आणि त्यांच्या पाठीवर थाप पडली. त्या थापेसाठी माणूस काय काय करतो, ते मी तिथे पाहिलं. बाबांना यांत्रिक करवत चालवायला दिली तेव्हा त्यांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

मे महिन्यात गाई यायच्या. पिवळी फुलं गवतात दाटलेली असायची, आणि मागची फळी पाडलेल्या गाडीतून त्या तांबड्या गाई बिचकत उतरायच्या. गळ्यात घंटा. पहिल्या वर्षी आई कुंपणापाशी गेली, जीभ टाळ्याला लावून कऱ्हाडकडचा तो चक्-चक् आवाज केला, आणि एक गाय चरायची थांबून थेट तिच्याकडे चालत आली. आईने तिच्या मानेखालची पोळी खाजवली. गाईने डोळे मिटले. आईनेही. तिला त्या देशात त्या दिवसापर्यंत बाहेरच्या कुणी हात लावला नव्हता, डॉक्टर सोडून.

ती आईची तांबू झाली. दुसऱ्या वर्षी तांबूला गोऱ्हा झाला. कपाळावर पांढरा ठिपका, गुडघे वेडेवाकडे. फ्राऊ हॉयरनी मला आधीच बजावलं होतं, वासरांची नावं ठेवायची नाहीत हं, गाईंचीच. आईला हे कुणी सांगितलं नाही, किंवा बाबांनी पोचवलं नाही. तिने त्याचं नाव गोट्या ठेवलं. उन्हाळाभर गवत गोळा करताना तिची हाक घुमायची, "गोट्याऽ", आणि तो शेपूट उभारून ओकांमधून पळत यायचा. बाकीची माणसं हसायची, "दा कॉम्ट डास काल्ब!" आलं बघा वासरू. 'काल्ब' हा शब्द आईला त्या उन्हाळ्यात पाठ झाला.

त्याच उन्हाळ्यात आईला दिवस गेले. आधीचं एक पुण्यात राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आई पोटावर हात ठेवून ओकखाली बसायची. फ्राऊ हॉयर तिला स्वतःची घडीची खुर्ची द्यायच्या आणि न बोलता शेजारी उभ्या राहायच्या. वाईट बाई नव्हती ती. हे मी आजही सांगेन.

मग ऑक्टोबरअखेर वसुबारस आली. गाय आणि वासरू यांची पूजा, लेकरांसाठी. इथे कुठली गाय-वासरं, असं दर वर्षी म्हणणाऱ्या आईकडे त्या वर्षी दोन्ही होतं, आणि पोटात लेकरूही होतं. न्यूर्नबर्गच्या इंडियन दुकानातून बाजरीचं पीठ आलं, गोठवलेली गवार आली. दोन दिवस आधी तिने दह्याच्या रिकाम्या बादलीतून शेण घरी आणून बाल्कनी सारवली, त्यावरून इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दारात येऊन बरंच बोलून गेला. बाबांनी त्याचं भाषांतर केलं, "दिवाळीच्या शुभेच्छा देतोय." आई दिवसभर उपाशी. संध्याकाळी आम्ही टेकडीवर गेलो. ओकांची पानं तांबूस झाली होती, उजेड तिरका आला होता. आई बुटांवर नऊवारी नेसली होती, वर बाबांचं जाड जाकीट. तिने तांबूच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मग गोट्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. फ्राऊ हॉयरनी टोपी काढली होती.

"हिवाळ्यात कुठे जाणार हो हा?" आईने बाबांना विचारलं.

"खाली गावात गोठा आहे ना," बाबा म्हणाले.

गोठा होता. त्यात जागा गाईंपुरती होती. गायरानात जेवढं गवत तेवढीच गुरं, आणि गोऱ्हे दर हेमंतात खाटकाकडे. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. ओकाला उजेड हवा तर गवत हवं, गवत राखायचं तर गाई हव्यात, आणि गाय दूध देवो न देवो, गोऱ्हा देतेच. बीचचं रोप आणि गोऱ्हा यांत फ्राऊ हॉयरना फरक वाटत नव्हता. दोघांनाही त्या 'श्योन' म्हणत.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या. बूट दाराबाहेर काढले, कारण आमच्यात काढतात हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. हातात खाटकाच्या कागदाचं जाड पुडकं. त्यांनी ते आईच्या हातात दिलं, आईच्या पोटाकडे बघून हसल्या, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, की तुमचं त्याच्यावर किती प्रेम होतं ते मी पाहिलं, म्हणून सगळ्यात चांगला भाग दुसऱ्या कुणाला न देता तुमच्यासाठी ठेवला. तुमचं काल्ब. बाळासाठी, रक्त वाढायला. आणि स्वतःच्या कपाळाच्या मधोमध त्यांनी एक बोट टेकवलं.

आईने बाबांकडे पाहिलं. "काय म्हणताहेत त्या?"

बाबा म्हणाले, "बकऱ्याचं मटण आणलंय म्हणाल्या. तुला ताकद यावी म्हणून. आणि तुझ्या कुंकवाचं कौतुक करताहेत."

मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा, दप्तर आवर."

दप्तर नाही आवरलं मी. फ्राऊ हॉयर गेल्या, बाबा बाजारात गेले, तशी मी स्वयंपाकघरात धावले. आईने पुडकं उलगडलं होतं. ओट्यावर फिका लालसर, बिनहाडाचा, रेषारेषांचा गोळा. आई लहानपणापासून मटण करणाऱ्या घरातली. बकऱ्याचा वास तिला जिन्यातून येतो. ती नुसती बघत उभी होती.

"आई," मी म्हटलं, "ते मटण नाहीये."

"माहितीये मला," आई म्हणाली. "तू कांदे सोल."

तिचा आवाज रोजचाच होता, म्हणून मी जास्त घाबरले. तिने कांदा-खोबरं भाजलं. काळं होईस्तोवर. खसखस, धणे, लवंगा. ते वाटण तेलात पडलं आणि त्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये कऱ्हाडच्या जत्रेचा वास सुटला. तो वास मला अजून आवडतो, आणि आवडतो याचा संताप येतो. गोट्या त्यात शिजत होता. आईने एकदाही डोळे पुसले नाहीत. वसुबारसेची उरलेली बाजरी मळून भाकऱ्या थापल्या. मला वरणभात वाढला. "तू आणि मी हेच," म्हणाली.

बाबा जेवायला बसले. मी आत पापड भाजत होते. बाहेर आले तेव्हा ते जेवत होते आणि आई शेजारी उभी होती, एक हात पोटावर, एका हातात डाव.

"तू नाही घेत?" बाबांनी विचारलं.

"मला वास सहन होत नाही हल्ली. पोटातलं नको म्हणतंय. तुम्ही घ्या."

"पुरे."

"पुरे काय? अहो, घ्या ना. इतक्या प्रेमाने आणलंय त्यांनी."

बाबांनी घेतलं. आई वाढत गेली. रस्सा ताटाच्या काठाला लागला तरी वाढत गेली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. एका शब्दाने ते सुटले असते, तो शब्द सगळ्यांना ठाऊक होता, आणि मी मनात म्हणत होते, म्हणा बाबा, म्हणा. बाबा भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवशी आईने तेच त्यांच्या डब्यात भरलं. रात्री परत ताटात. पुडकं मोठं होतं. फ्राऊ हॉयरनी हात आखडता घेतला नव्हता. बोळात बाबांनी मला हळूच विचारलं, "आई काही म्हणाली का गं?"

"कांदे सोल म्हणाली," मी सांगितलं.

सगळं संपल्यावर आईने पातेलं घासून बाल्कनीत उपडं घातलं. ते पुन्हा कधी आत आलं नाही.

मधल्या दिवसांत तिने माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं. भांडी घासताना पुटपुटायची, मी चुका सुधारायचे. शनिवारी टेकडीवर फ्राऊ हॉयर हसत सामोऱ्या आल्या, आवडलं का, त्यांनी विचारलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण जर्मन वाक्य स्वच्छ बोलली, "माइन मान हाट आलेस गेगेसन." माझ्या नवऱ्याने सगळं खाल्लं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला जर्मन आलं म्हणून. बाबा करवत हातात घेऊन उभे होते. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी इंजिन सुरू केलं.

आईने मग कोयता उचलला आणि पॉप्लरच्या ओळीकडे गेली.

वसंतात भाऊ झाला. धडधाकट. आता बाबांपेक्षा उंच आहे, मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. घर चाललं. आई बाबांना कधी उलट शब्द बोलली नाही, तिने त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, शेवटच्या आजारात सगळं अंगाखालचं केलं. पण त्यांच्याबरोबर ती कधी जेवायला बसली नाही. आधी वाढायची, मग एकटी जेवायची. पाहुणे म्हणायचे, काय जुन्या वळणाची बाई! मला दोघांचाही राग आहे. त्यांचा जास्त की तिचा, हे दर वर्षी बदलतं.

या मार्चमध्ये टेकडीवरच्या मंडळींनी खड्डा आधीच खणून ठेवला होता. फ्राऊ हॉयर आता वृद्धाश्रमात असतात, कुणाला ओळखत नाहीत. नवा प्रमुख तरुण आहे. रोपाभोवती गुरांपासून राखायला लाकडी कुंपण, वर मोकळं आभाळ. तो चार शब्द बोलला. एवढे हिवाळे हा माणूस आला, म्हणाला, कितीही कठीण काम सांगा, कधी कशाला 'नाही' म्हटलं नाही त्याने. माणसांनी माना डोलावल्या. आईला आता भाषांतर लागत नाही. तिने बादली उचलली, मुळाशी पाणी घातलं, माती बुटाने नीट दाबली.

खाली येऊन आम्ही बसची वाट बघत बाकावर बसलो. मी इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. म्हटलं, "आई, त्या दिवशी बाबांनी सांगितलं असतं तर तू माफ केलं असतंस?"

ती रस्त्याकडे बघत होती.

"मी भाकरी घेऊन उभी होते," ती म्हणाली. "म्हटलं, पहिला घास तोंडात जाऊ दे. गेला की माणूस उठेल. हात धुवेल, रडेल, काहीतरी करेल. तेवढं केलं असतं ना, तर मीच त्यांच्या पाया पडले असते."

"मग?"

"मग काय! घास खाल्ला, आणि म्हणाले, मीठ कमी आहे."